थडग्यांपुरती जमीन आणि एक लाख एकरांचा तळ

दर वर्षी ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जवळ आला की मराठीत एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा मावसभाऊ, गेली वीस वर्षं न्यू जर्सीत आहे आणि त्या देशावर त्याचं मनापासून प्रेम आहे. मजकूर थोडक्यात असा: इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज यांनी जगभर वसाहती केल्या, पण अमेरिका स्वतःच एकेकाळची वसाहत असल्यामुळे तिने कधी कुणावर राज्य केलं नाही. क्यूबाला तिने स्पेनच्या तावडीतून सोडवलं. फिलिपिन्सला शाळा दिल्या आणि आपण होऊन स्वातंत्र्य दिलं. हवाई बेटं आपखुशीने सामील झाली. परक्या सत्तेविरुद्ध लोक जिथे उठले तिथे अमेरिका त्यांच्या पाठीशी राहिली. आणि एवढं रक्त सांडून मोबदल्यात तिने मागितली ती फक्त आपले मेलेले सैनिक पुरण्यापुरती जमीन.

हे शेवटचं वाक्य कुणा हौशी माणसाने रचलेलं नाही. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल जानेवारी २००३ मध्ये दाव्होसला याच अर्थाचं बोलले होते. त्यानंतर दोन महिन्यांत इराकवर हल्ला झाला. वाक्य मनाला भिडतं, हे मी मान्य करतो. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांवरच्या पांढऱ्या क्रुसांच्या रांगांपुढे माझीही मान खाली जाईल. पण नॉर्मंडी म्हणजे अमेरिकेचा सगळा इतिहास नव्हे. या मजकुरातला प्रत्येक मुद्दा १८९८ या एका सालापाशी येऊन अडखळतो.

‘स्वतः वसाहत होती, म्हणून वसाहती केल्या नाहीत’

ज्या तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलं, त्यांतले बहुतेक लोक त्या भूमीवर वसाहत करायलाच आलेले होते. राजाशी भांडण झालं म्हणून मूळ रहिवाशांच्या जमिनीवरचा हात कुणी काढून घेतला नाही, उलट पश्चिमेकडची घोडदौड वाढली. समुद्रापलीकडचं पाऊलही फार लवकर पडलं. १८५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ग्वानो बेटांचा कायदा केला. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची साठलेली विष्ठा, त्या काळातलं सर्वांत मोलाचं खत. ती असलेलं आणि दुसऱ्या कुणाच्या ताब्यात नसलेलं बेट अमेरिकन नागरिकाला सापडलं, तर ते अमेरिकेचं म्हणून जाहीर करता येईल, असा तो कायदा. शंभराच्या आसपास बेटांवर त्याखाली हक्क सांगितला गेला. पारतंत्र्य भोगलेला देश दुसऱ्याला पारतंत्र्यात टाकत नाही, असा नियम इतिहासात कुठेही नाही.

‘क्यूबाला मुक्त केलं’

इथे अर्धं खरं आहे आणि ते आधी सांगायला हवं. क्यूबातले लोक स्पेनविरुद्ध लढत होते आणि स्पेनचा सेनापती वेलर याने खेड्यापाड्यांतल्या माणसांना छावण्यांत कोंडून उपाशी मारलं होतं. अमेरिकेतल्या सामान्य माणसाला त्याची खरी चीड होती. फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. क्यूबावर सत्ता गाजवण्याचा आपला इरादा नाही, असा ठरावही काँग्रेसने केला.

पुढे काय झालं? जुलैत सांतियागो शहर पडलं, तेव्हा कालिक्स्तो गार्सियाच्या क्यूबन सैनिकांना अमेरिकन सेनापतीने शहरात शिरू दिलं नाही. शरणागती अमेरिकेने घेतली. डिसेंबरात पॅरिसला तह झाला, त्यात क्यूबाचा कुणी प्रतिनिधीच नव्हता. आणि १९०१ मध्ये आली अमेरिकन काँग्रेसची प्लॅट दुरुस्ती: क्यूबाने परक्या देशाशी आपलं स्वातंत्र्य धोक्यात येईल असा करार करायचा नाही, झेपणार नाही इतकं कर्ज काढायचं नाही, अमेरिकेला वाटेल तेव्हा हस्तक्षेपाचा अधिकार द्यायचा आणि आरमारी तळांसाठी जागा द्यायची. हे क्यूबाच्या राज्यघटनेत घातल्याशिवाय अमेरिकन सैन्य मागे जाणार नाही, असं सांगितलं गेलं. क्यूबाच्या घटना समितीने ते १६ विरुद्ध ११ मतांनी गिळलं.

मराठी वाचकाला यासाठी नवा शब्द शिकावा लागत नाही. १८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसरा बाजीराव पेशवाच होता, गादी होती, मानमरातब होता. फक्त इंग्रजांची फौज पदरी होती आणि त्यांना विचारल्याशिवाय कुणाशी बोलायची सोय नव्हती. त्या तैनाती फौजेच्या तहाला आपण ‘पुण्याची मुक्तता’ म्हणत नाही.

‘फिलिपिन्सला शाळा दिल्या, मग स्वातंत्र्य दिलं’

या मुद्द्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडे फिलिपिन्स आणि अमेरिका यांच्यातल्या युद्धाचं नावसुद्धा फारसं कुणी ऐकलेलं नाही.

फिलिपिन्स तेव्हा स्पेनची वसाहत होतं. स्पेनशी चाललेल्या त्याच युद्धात १ मे १८९८ रोजी अमेरिकन कमोडोर ड्यूईने तिथल्या मनिलाच्या खाडीत स्पॅनिश आरमार बुडवलं. बेटांवरचं युद्ध मात्र मुख्यतः फिलिपिनो लढत होते आणि जिंकत होते. १२ जून १८९८ ला कावित गावी फिलिपिनो नेता एमिलिओ अगिनाल्दो याने स्वातंत्र्य जाहीर केलं. मनिला सोडून बहुतेक लुझोन बेट त्यांच्या हातात होतं. १३ ऑगस्टला स्पॅनिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी आधी संगनमत करून मनिलात लुटुपुटूची लढाई केली आणि शहर अमेरिकेच्या स्वाधीन झालं. वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला तटाच्या आत येऊ द्यायचं नाही, हे त्यात आधीच ठरलेलं होतं.

मग पॅरिसचा तह. अगिनाल्दोचा दूत फेलिपे आगोन्सिल्यो वॉशिंग्टनला गेला, पॅरिसला गेला, कुणी त्याला आत घेतलं नाही. हे वाचताना मला दर वेळी रंगो बापूजी आठवतात. सातारच्या गादीसाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिलेले. १० डिसेंबर १८९८ ला स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिलं. बेटांवर ७० लाखांहून अधिक माणसं होती. डोई तीन डॉलरसुद्धा पडले नाहीत, आणि विकणाऱ्याच्या ताब्यात माल उरलेलाच नव्हता.

जानेवारी १८९९ मध्ये मालोलोस इथे फिलिपिनो लोकांनी स्वतःची घटना लिहून प्रजासत्ताक स्थापन केलं. ४ फेब्रुवारीच्या रात्री मनिलाच्या वेशीवर अमेरिकन पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि युद्ध पेटलं. दोनच दिवसांनी अमेरिकन सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. लागणाऱ्या दोनतृतीयांशापेक्षा एकच मत जास्त. म्हणजे अमेरिकेतही या प्रकाराला कडवा विरोध होता, आणि तो करणारे काही देशद्रोही नव्हते. मार्क ट्वेन साम्राज्यविरोधी संघाचा उपाध्यक्ष होता. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने तर २ कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून देऊन फिलिपिन्सला मोकळं करायची तयारी दाखवली होती. उलट बाजूला इंडियानाचा सिनेटर बेव्हरिज जानेवारी १९०० मध्ये सभागृहात उभा राहून म्हणाला की फिलिपिन्स कायमचं आमचं आहे आणि त्याच्या पलीकडे चीनची अमर्याद बाजारपेठ आहे. तो आडपडदा ठेवत नव्हता. ‘आम्ही वसाहत करत नाही’ हा दावा नंतरच्या लोकांचा आहे. त्या वेळी करणाऱ्यांना आपण काय करतोय ते नीट माहीत होतं.

युद्ध कसं लढलं गेलं, हे अमेरिकन सिनेटच्याच १९०२ च्या चौकशीत नोंदलेलं आहे. ‘वॉटर क्युअर’ म्हणजे माणसाला जमिनीवर दाबून धरून तोंडात बळेच पाणी ओतायचं, पोट फुगलं की ते दाबून बाहेर काढायचं आणि पुन्हा ओतायचं. बातांगास प्रांतात जनरल बेलने गावकऱ्यांना नेमून दिलेल्या हद्दीत गोळा व्हायला सांगितलं आणि हद्दीबाहेरचं पीक, घरं, जनावरं नष्ट केली. क्यूबात वेलरने हेच केलं म्हणून तर चीड आली होती. तीच रीत तीन वर्षांत अमेरिकेची झाली.

सामार बेटावर बालांगिगा नावाचं गाव आहे. २८ सप्टेंबर १९०१ च्या सकाळी गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकन तुकडीवर अचानक हल्ला करून ४८ सैनिक मारले. त्यावर जनरल जेकब स्मिथने हुकूम सोडला: कैदी नकोत, मारा आणि जाळा. किती वयापर्यंतच्यांना सोडायचं, असं हाताखालच्या मेजरने विचारलं. दहा वर्षं, असं उत्तर आलं. स्मिथवर लष्करी खटला चालला. शिक्षा म्हणून समज देण्यात आली आणि नंतर त्याला निवृत्त केलं. गावच्या चर्चच्या तीन घंटा सैन्याने विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन वायोमिंगमधल्या तळावर राहिल्या, एक दक्षिण कोरियात एका रेजिमेंटकडे. बालांगिगाचे लोक त्या पिढ्यान्‌पिढ्या मागत राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये त्या परत आल्या, ११७ वर्षांनी.

अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाचेच आकडे द्यायचे तर ४,२०० हून अधिक अमेरिकन सैनिक आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो सैनिक या युद्धात गेले. हिंसा, उपासमार आणि रोगराईने मेलेले सामान्य लोक २ लाखांपर्यंत. ४ जुलै १९०२ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं. दक्षिणेतल्या मोरो मुसलमानांसाठी ते संपलं नव्हतं. मार्च १९०६ मध्ये बुड दाहो या ज्वालामुखी डोंगराच्या मुखात आसरा घेतलेली शेकडो माणसं, बायकामुलांसकट, मारली गेली. आणि इतकी वर्षं या सगळ्याला अधिकृत नाव होतं ‘फिलिपिन्समधील बंड’. १८५७ ला ‘शिपायांचं बंड’ म्हणणाऱ्या पुस्तकांतून शिकलेल्या आपल्या आजोबांना हे नाव कुठून येतं ते लगेच कळलं असतं.

शाळा खऱ्या होत्या. १९०१ मध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक आले. त्यांतले अनेक कळकळीचे होते, काही तिथेच साथीच्या रोगांनी गेले. त्यांच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच १९०१ मध्ये राजद्रोहाचा कायदा आला, ज्यात युद्ध चालू असेपर्यंत स्वातंत्र्याचा प्रचार करणं हाच गुन्हा होता. १९०७ पासून १९१९ पर्यंत फिलिपिनो झेंडा लावायला बंदी होती. ज्या वर्गात मुलं जॉर्ज वॉशिंग्टनचा धडा वाचत होती, त्या वर्गात स्वतःचा झेंडा लावता येत नव्हता.

राहिलं ते ‘आपण होऊन दिलेलं’ स्वातंत्र्य. दहा वर्षांनी स्वातंत्र्य देण्याचा कायदा १९३४ चा, ऐन महामंदीतला. फिलिपिन्सची साखर आणि खोबरेल बिनजकात येते म्हणून अमेरिकेतले बीटशेतकरी, सरकीचं तेल काढणारे आणि दूधवाले ओरडत होते. कॅलिफोर्नियात फिलिपिनो मजुरांवर हल्ले होत होते. परका झाला की मालावर जकात लावता येते आणि माणसाला दारातच अडवता येतं. त्याच कायद्याने फिलिपिनो लोकांना अमेरिकेत यायला वर्षाला ५० जणांची मर्यादा घातली. स्वातंत्र्य १९४६ मध्ये दिलं, हे खरंच. फ्रान्स तेव्हा व्हिएतनामात पुन्हा पाय रोवत होता, त्या मानाने अमेरिकेने शब्द पाळला. पण सोबत बेल व्यापार कायदा आला: पेसो डॉलरला बांधलेला, आणि खाणी-जंगलांत अमेरिकन नागरिकाला फिलिपिनो इतकाच हक्क. त्यासाठी नव्या देशाला आपली घटना बदलावी लागली, कारण युद्धात बेचिराख झालेल्या घरादारांच्या भरपाईची मोठी रक्कम त्या अटीला बांधलेली होती. मिळालेल्या तारखेवर, ४ जुलैवर, फिलिपिन्सने स्वातंत्र्यदिन फार वर्षं ठेवला नाही. १९६२ पासून तो १२ जूनला असतो, अगिनाल्दोच्या घोषणेच्या दिवशी.

‘हवाई आपखुशीने सामील झालं’

हवाई हे मान्यताप्राप्त राज्य होतं. त्याचे अमेरिकेशी, ब्रिटनशी तह होते. १८८७ मध्ये बंदुकीच्या धाकाने राजाच्या गळी नवी घटना उतरवण्यात आली. राणी लिलिउओकलानी ती बदलू पाहत होती, तेव्हा जानेवारी १८९३ मध्ये साखरेच्या मळ्यांत हितसंबंध असलेल्या गोऱ्यांच्या एका गटाने तिला पदच्युत केलं. हवाईतला अमेरिकेचा राजदूत स्टीव्हन्स याच्या सांगण्यावरून ‘बॉस्टन’ युद्धनौकेवरचे १६० च्या वर सैनिक होनोलुलूत उतरले होते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी लावली आणि हे कृत्य म्हणजे एका मित्रराष्ट्राविरुद्ध युद्ध आहे, असं काँग्रेसला स्पष्ट लिहून कळवलं.

१८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह सिनेटपुढे आला, तेव्हा हवाईच्या लोकांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. मूळ हवाईयन लोकसंख्या ४०,००० च्या आसपास. सह्या २१,००० च्या वर. तो तह पडला. मग १८९८ च्या युद्धाच्या धामधुमीत, दोनतृतीयांश मतांची कटकट नको म्हणून, साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने ७ जुलैला हवाई खालसा झालं. १८ लाख एकर जमीन मोबदल्याशिवाय गेली. १९५९ च्या ज्या मतदानाचा दाखला आपखुशीसाठी दिला जातो, त्यात प्रश्न एवढाच होता: घटक राज्य व्हायचं की नाही? स्वतंत्र व्हायचं का, हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. १९९३ मध्ये काँग्रेसने ठराव करून या कृत्याबद्दल माफी मागितली. माफी मागणाऱ्यांना जे मान्य आहे, ते आपण इथून नाकारायचं कशाला?

‘फक्त थडग्यांपुरती जमीन’

मनिलात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे: १५२ एकर, सुमारे १७,००० थडगी. त्या प्रत्येकापुढे आदर. त्याच लुझोनवर क्लार्क हवाई तळ होता आणि त्याचं आरक्षित क्षेत्र एक लाख एकरांहून जास्त होतं. १९४७ च्या करारात तळ ९९ वर्षांसाठी घेतले होते. मुदत पुढे कमी झाली आणि १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी नवा करार फेटाळला, तेव्हा कुठे सैन्य गेलं.

क्यूबातला ग्वांतानामोचा तळ ११७ चौरस किलोमीटरचा. भाडं वर्षाला चार हजार डॉलरच्या थोडं वर, आणि १९३४ च्या करारानुसार दोघांची संमती असेल किंवा अमेरिका स्वतः सोडून जाईल तरच तो संपतो. क्यूबा सरकार कित्येक दशकं ते धनादेश वटवत नाही. तळ तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्यातून जपान १९५२ मध्ये मोकळा झाला, पण त्याचं ओकिनावा बेट १९७२ पर्यंत अमेरिकेच्या कारभाराखाली राहिलं. आणि प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावरच्या १६७ लोकांना १९४६ मध्ये थोड्या काळासाठी म्हणून हलवलं, मग तिथे २३ अणुस्फोट केले. ते लोक अजून घरी जाऊन राहू शकलेले नाहीत.

‘परक्या सत्तेविरुद्ध उठलेल्यांच्या पाठीशी’

कधी कधी, हो. १९४२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा प्रतिनिधी लुई जॉन्सन दिल्लीत भारताच्या बाजूने खटपट करत होता. चर्चिल रागावले आणि ते प्रकरण तिथेच थांबलं. पण हा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्याने गोवा विसरून लिहावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. त्याचा युक्तिवाद असा: गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचा भाग आहे, मग मुक्ती कसली? १५ ऑगस्ट १९५५ ला त्या ‘प्रांता’च्या सीमेवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी होते. त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबत निवेदन काढलं आणि त्यात ‘अतिपूर्वेकडील पोर्तुगीज प्रांत’ हेच शब्द वापरले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होत असताना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताचा निषेध केला. सैन्य मागे घ्या म्हणणारा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने अडला. त्याच वर्षी मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिलं होतं, हेही नोंदवायला हवं. पण पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या अमेरिकन तळाचा करार १९६२ च्या अखेरीस संपणार होता आणि तो पुढे चालू ठेवणं पोर्तुगालच्या हातात होतं.

‘जुनी मढी कशाला उकरायची?’

मजकुरात हा मुद्दा नव्हता, मावसभावाने उत्तरात लिहिला. दादा, हे मढं नाही, जिवंत माणसं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत आज १७ नावं आहेत. त्यातली तीन अमेरिकेची: ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि व्हर्जिन बेटं. शेवटची १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतलेली.

पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं, अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट त्या यादीत नाही, पण तिथली कथा ऐक. न्यूयॉर्कला गेलेल्या तिथल्या संत्र्यांवर जकात लागू होते का, या वादावर १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही, असं ठरलं. एका न्यायमूर्तींचे शब्द होते, ‘घरगुती अर्थाने परकीय’. तो निकाल आजवर रद्द झालेला नाही. १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. तिथल्या राजधानीतला, सान हुआनमधला तरुण अमेरिकन सैन्यात भरती होऊ शकतो आणि राष्ट्राध्यक्ष पाठवेल त्या युद्धावर जातो, पण राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाही. तोच तरुण फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला राहायला गेला की मतदार होतो, आणि म्हाताऱ्या आईजवळ राहायला परत सान हुआनला आला की ते मत जातं.